खिशातल्या रेडिओला मोठी बॅटरी

५ ऑक्टोबर

काम तसं छोटं आहे. चार एए सेलवर चालणारा, हातात मावणारा रेडिओ मोठ्या बॅटरीवर चालवायचा आणि त्याच्या ऐकण्यात कुठेही बिघाड होऊ द्यायचा नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, म्हणून नोंदी ठेवायच्या.

हा रेडिओ मी मुख्यतः रात्री मध्यम लहरींवर ऐकतो. दिवसा आयनोस्फिअरमधला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यातला, खालचा डी थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब पोहोचतात. अशी स्टेशनं क्षीण असतात, चढउतार करत येतात, कधी दोन स्टेशनं एकावर एक चढतात. तासन्‌तास कान लावून बसावं लागतं आणि तेवढा वेळ सेल जळत राहतात. भिंतीवरचा अ‍ॅडाप्टर लावला तर सेल वाचतात, पण अ‍ॅडाप्टरमधलं स्विचिंग सर्किट आणि घरातल्या वायरिंगवरून येणारी घरघर यांत क्षीण स्टेशन बुडून जातं. बॅटरी शांत असते. तिच्यात मिनमिन करणारं काही नाही आणि ती घरच्या वायरिंगला कुठे जोडलेलीही नाही. म्हणून बॅटरीच हवी, फक्त मोठी.

हाताशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. सुरुवात तिच्यापासून.

७ ऑक्टोबर

आधी रेडिओ किती करंट घेतो ते मोजलं. हे न मोजता पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण पुढचा प्रत्येक निर्णय याच आकड्यावर ठरणार आहे.

मोजायची सोपी रीत: जाड कार्डाची पट्टी कापायची, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनिअमचा वर्ख चिकटवायचा, आणि सेल व स्प्रिंग यांच्यामध्ये ती सरकवायची. सर्किट पट्टीपाशी तुटतं, आणि दोन बाजूंच्या वर्खांना मीटरच्या दोन वायरी लावल्या की सगळा करंट मीटरमधून जातो. रेडिओ उघडावा लागत नाही, काही तोडावं लागत नाही.

एक काळजी. मिलिअँपिअरच्या रेंजला मीटरच्या आत बारीकसा रेझिस्टर असतो आणि त्यावर थोडं व्होल्टेज पडतं. एक ओहम धरला तर ६० मिलिअँपिअरला ६० मिलिव्होल्ट. इथे ते चालून जातं, पण मोठ्या करंटच्या उपकरणाला याच कारणाने मीटर लावल्यावर उपकरण बंद पडल्यासारखं वाटू शकतं.

ताजे सेल घालून मिळालेले आकडे: मध्यम लहरी, आवाज अगदी हळू, ४८ मिलिअँपिअर. नेहमीचा आवाज, ६० च्या आसपास. डिस्प्लेचा दिवा लावला की १४ वाढतात. आवाज मोठा करून संगीत लावलं की ठोक्याबरोबर १४०–१५० पर्यंत उड्या. रेडिओ बंद असताना फक्त घड्याळापुरते ०.०४.

म्हणजे हिशोबासाठी ६० धरायचे, आणि पुरवठा १५० ला डगमगणार नाही असा हवा.

मग बदलता पुरवठा लावून व्होल्टेज हळूहळू कमी करत नेलं. ४.४ व्होल्टपर्यंत रेडिओ व्यवस्थित चालतो. त्याखाली मोठा आवाज फाटतो, आणखी खाली डिस्प्ले मिणमिणतो. वरच्या बाजूला मी ६.५ व्होल्ट ही मर्यादा स्वतःच घातली, कारण चार अगदी नवे अल्कलाइन सेल सुमारे तेवढं देतात. रेडिओ बनवणाऱ्याने तेवढं तरी गृहीत धरलेलंच असणार. तर पल्ला ४.४ ते ६.५. हा पल्ला चांगला रुंद आहे हे लक्षात ठेवण्यासारखं.

८ ऑक्टोबर

बाहेरच्या पुरवठ्याचा जॅक तपासला. रेडिओच्या पाठीवर छोटी खूण आहे: मध्ये टिंब, भोवती अर्धवर्तुळ, आणि दोन बाजूंना अधिक-उणे. मधली पिन पॉझिटिव्ह. काही जुन्या संचांत ती निगेटिव्ह असते, त्यामुळे प्लग बसतो म्हणून लावून पाहायचा, असं कधीही करू नये.

जॅकमध्ये एक स्प्रिंगची पट्टी असते. प्लग आत गेला की ती उचलली जाते आणि आतले सेल तुटतात. ती खरंच तुटते का ते पाहायला सेल काढले, प्लग लावला, बाहेरून ५ व्होल्ट दिले आणि सेलच्या कप्प्यातल्या टोकांवर मीटर धरला. शून्य. ठीक. ही पट्टी अडकून राहिली तर बाहेरची बॅटरी आतल्या अल्कलाइन सेलना चार्ज करायला बघते, ते गळतात, आणि गळलेला क्षार स्प्रिंग खातो. तरी मोठ्या बॅटरीवर चालवताना आतले सेल काढूनच ठेवणार.

११ ऑक्टोबर

१२ व्होल्टवरून ६ व्होल्टवर यायचं कसं? कागदावरच बराच वेळ गेला.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच: मध्ये रेझिस्टर घालायचा. भरलेली बॅटरी प्रत्यक्षात १२.६ व्होल्ट देते, म्हणून ६० मिलिअँपिअरला ६.६ व्होल्ट पाडायचे तर ११० ओहम. गणित बरोबर, पण ते एकाच करंटला बरोबर. आवाज कमी केला, करंट ४० वर आला, की रेझिस्टरवर ४.४ व्होल्टच पडतात आणि रेडिओला ८.२ मिळतात. ढोलाचा ठोका आला, करंट १०० कडे गेला, की ११ व्होल्ट रेझिस्टरच खातो आणि रेडिओ विझतो. जिथे करंट स्थिर आहे, म्हणजे एखाद्या एलईडीला, तिथे रेझिस्टर चालतो. रेडिओचा करंट आवाजाबरोबर हलतो. हा मार्ग बंद.

दुसरा, १२ व्होल्टच्या बॅटरीतले तीन सेल वापरून मधूनच ६ व्होल्ट काढायचे. सीलबंद बॅटरीत मधलं टोक बाहेर आलेलंच नसतं. असतं तरी अर्धे सेल रिकामे आणि अर्धे भरलेले अशी बॅटरी एकत्र चार्ज करता येत नाही. रिकामे उपाशी राहतात, भरलेले जास्त चार्ज होतात.

उरतात दोन. स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे करंट वेगाने चालू-बंद करून कॉइल आणि कपॅसिटरमधून हवं ते व्होल्टेज काढणारा. आणि लिनिअर रेग्युलेटर, जो जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. जिथे विचारावं तिथे उत्तर एकच मिळतं: लिनिअर म्हणजे ऊर्जेची नासाडी, कन्व्हर्टर वापरा. मोठ्या करंटला ते खरंच आहे. फोनला ५ व्होल्ट १ अँपिअर द्यायचा तर १२.६ व्होल्टवरून येताना लिनिअर रेग्युलेटर ७.६ वॉट जाळेल. रेडिओच्या ६० मिलिअँपिअरला मात्र हेच ०.४ वॉट. या दोन आकड्यांत एवढं अंतर असताना दोन्हींना एकच सल्ला लागू होईल असं मला वाटत नाही. दोन्ही बांधून, मोजून, ऐकून पाहणार.

१४ ऑक्टोबर

बॅटरीवर पहिली गोष्ट फ्यूज. एवढ्याशा बॅटरीची टोकं चुकून जुळली तर शंभराहून अधिक अँपिअर वाहू शकतात, बारीक वायर क्षणात लाल होते. रेडिओ लहान आहे म्हणून धोका लहान होत नाही, कारण धोका बॅटरीच्या आकाराने ठरतो. पॉझिटिव्ह टोकाच्या अगदी जवळ, बोटभर वायर सोडून, ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज वायरच्या दुसऱ्या टोकाला रेडिओपाशी असता तर मधली सगळी वायर उघडी राहिली असती.

१८ ऑक्टोबर

एलएम२५९६ या स्विचिंग कन्व्हर्टर चिपचा तयार बोर्ड लावला. आधी रेडिओ न जोडता स्क्रू फिरवून ६.० व्होल्ट ठरवले. हे बोर्ड येतात तेव्हा आउटपुट कितीवर असेल याचा भरवसा नसतो. मग रेडिओ.

एफएम स्वच्छ. मध्यम लहरींवर गेलो आणि चित्र बदललं. ५८८ किलोहर्ट्झच्या आसपास जाडसर भुणभुण. पुढे थोडं शांत. मग ७३५ ला पुन्हा. मग ८८२, १०२९, ११७६, १३२३, १४७०. प्रत्येक दोन ठिकाणांत १४७ किलोहर्ट्झचं अंतर. या चिपची स्विचिंगची वारंवारता १५० किलोहर्ट्झ सांगितलेली असते, आणि नगानगांत १२७ ते १७३ पर्यंत फरक मान्य असतो. माझ्याकडचा नग १४७ वर चालतोय, आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंतच्या त्याच्या हार्मॉनिक्स, म्हणजे १४७ च्या पटीतल्या वारंवारता, थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. ऑसिलोस्कोप नसतानाही हे कळलं. रेडिओ हेच इथलं सगळ्यात संवेदनशील मोजमापाचं साधन आहे, आणि तेच साधन आपण या पुरवठ्यावर चालवणार आहोत.

लघुलहरींवरही काही मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरट खरखर आहे. याचं कारण जरा खोलात जाण्यासारखं आहे. या बोर्डावरची कॉइल अँपिअरभर करंटासाठी निवडलेली असते. ६ व्होल्टला, ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल धरली, तर सुमारे ०.३ अँपिअरच्या खाली प्रत्येक फेरीत कॉइलमधला करंट पूर्ण शून्यावर येऊन थांबतो. तो थांबला की कॉइल आणि डायोड-स्विचची स्वतःची बारीकशी कपॅसिटन्स यांच्यात झंकार उठतो, आणि तो मेगाहर्ट्झमध्ये असतो. माझा करंट ०.०६ अँपिअर, म्हणजे हा बोर्ड कायमच त्या झंकाराच्या अवस्थेत राहणार. लहान लोडला कन्व्हर्टर जास्त शांत असेल असं वाटणं साहजिक आहे. घडतं उलट.

इनपुटचा करंट: नेहमीच्या आवाजाला ४१ मिलिअँपिअर. आउटपुटला ०.३६ वॉट, आत ०.५२ वॉट. कार्यक्षमता सुमारे ७० टक्के. बोर्डांच्या जाहिरातीत ९० च्या वरचे आकडे असतात ते मोठ्या करंटचे. इतक्या कमी करंटला चिपला स्वतःला लागणारे ५-६ मिलिअँपिअर आणि बोर्डावरचा दिवा हेच मोठा वाटा घेतात.

१९ ऑक्टोबर

खरखर कमी करण्यात संध्याकाळ गेली. बोर्ड रेडिओपासून दूर नेला तर बरीच उतरते, कारण रेडिओच्या आतली फेराइट कांडी म्हणजे मध्यम लहरींचा अँटेना, आणि तो बोर्डच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडतो. बोर्ड हातभर लांब ठेवला, रेडिओ फिरवून कांडीचं टोक बोर्डकडे केलं, आणखी फरक. आउटपुटला १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. याची कटऑफ वारंवारता, म्हणजे जिच्या वरचं सगळं अडायला लागतं ती, साधारण ७३० हर्ट्झ येते, म्हणजे १४७ किलोहर्ट्झसाठी कागदावर भक्कम भिंत. रेडिओकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी एकत्र फेराइटच्या कड्यातून अनेक वेढे देऊन काढल्या. वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत अडथळा वाढतो, त्यामुळे एका वेढ्याने काही होत नाही.

जवळची स्टेशनं आता स्वच्छ. दूरची नाहीत. दोन्ही वायरींवरून एकाच दिशेने जाणारा गोंगाट फिल्टरला दिसतच नाही, आणि वायर स्वतःच अँटेना होऊन तो कांडीपर्यंत पोहोचवते. धातूच्या डबीत बोर्ड बंद करून, इनपुटलाही फिल्टर लावून हे आणखी खाली नेता येईल याची खात्री आहे. पण जी गोष्ट मुळात निर्माणच होऊ नये ती आधी निर्माण करून मग पकडत बसायचं, हा मार्ग माझ्या कामाला बसत नाही.

२५ ऑक्टोबर

आता लिनिअर रेग्युलेटर, एलएम३१७. आउटपुट किती ते दोन रेझिस्टर ठरवतात: पहिला रेझिस्टर २४० ओहम, दुसरा ९१० ओहम. या चिपचं सूत्र सोपं: आउटपुट म्हणजे १.२५ गुणिले, एक अधिक दुसरा भागिले पहिला. येतात ५.९९. अ‍ॅडजस्ट पिनचा सुमारे ५० मायक्रोअँपिअरचा करंट दुसऱ्या रेझिस्टरमधून जातो, त्याचे आणखी चार-पाच शतांश. मीटरवर ६.०४. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड, आउटपुटला १ मायक्रोफॅरड, दोन्ही पिनांच्या जवळ. बॅटरीच असल्याने मोठ्या फिल्टर कपॅसिटरची गरज नाही.

पॉझिटिव्ह वायरीत १एन५८१९ हा शॉट्की डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आणि कमी व्होल्टेज पाडणारा भाग, घातला. बॅटरी उलटी जोडली तर करंट जाणारच नाही. एरवी डायोडवर पडणारे ०.३ व्होल्ट सलतात. इथे ते फुकट आहेत, कारण रेग्युलेटर तसाही साडेसहा व्होल्ट जाळणारच आहे, त्यातले ०.३ डायोडने जाळले इतकंच.

बांधताना सांभाळायची एक गोष्ट: एलएम३१७ ची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते. ७८०५ या ठरावीक ५ व्होल्टच्या रेग्युलेटरची पाठ ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह, असते, त्यामुळे ७८०५ थेट धातूच्या डबीवर स्क्रूने आवळायची सवय असलेल्या हाताने एलएम३१७ तसाच आवळला तर आउटपुट आणि निगेटिव्ह जुळतात. मध्ये अभ्रकाचा पापुद्रा आणि स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी हवी. मी हीटसिंक लावलाच नाही. ०.४ वॉटला चिपच्या आतलं तापमान हवेपेक्षा वीसेक अंश वर जातं, बोटाला कोमट लागतं.

रात्री मध्यम लहरी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या. पट्टा शांत. सेलवर आणि यावर असा आळीपाळीने प्लग काढून-लावून एकच क्षीण स्टेशन ऐकलं, फरक कळला नाही. हेच पाहिजे होतं.

२६ ऑक्टोबर

इनपुटचा करंट ६५ मिलिअँपिअर. रेडिओचे ६० आणि चिपच्या रेझिस्टरांचे ५.

आता हिशोब. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून ३.५ अँपिअर-तासच आपले. कन्व्हर्टरवर ८५ तास. लिनिअरवर ५४. चार अल्कलाइन सेल अडीच अँपिअर-तासांचे धरले तर त्यांच्यावरच ४० तासांच्या आसपास मिळतात! दोन-सव्वादोन किलोची बॅटरी उचलून आणली आणि चार पेन्सिल सेलपेक्षा जेमतेम एक-दोन रात्री जास्त. ती पुन्हा पुन्हा चार्ज होते हा फायदा खरा, तरी ही तफावत डोळ्याआड करता येत नाही.

ऊर्जा गेली कुठे ते सरळ आहे. बॅटरीच्या ८४ वॉट-तासांपैकी निम्मे आपण स्वतःहून सोडले. उरलेल्यांतले निम्म्याहून जास्त १२ आणि ६ या दोन आकड्यांमधल्या फरकाने खाल्ले.

आणखी एक गळती कायमची आहे. रेडिओ बंद असताना ०.०४ मिलिअँपिअर घेतो, पण रेग्युलेटरचे ५.२ मिलिअँपिअर चालूच राहतात. दिवसाला १२५ मिलिअँपिअर-तास, म्हणजे कोणी न ऐकताही भरलेली बॅटरी दोन महिन्यांच्या आत पूर्ण रिकामी. कन्व्हर्टरची तीच गत. स्विच नेहमी रेग्युलेटरच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला हवा. रेडिओचं बटण बंद करणं पुरेसं नाही.

२९ ऑक्टोबर

पॉवर बँक लावून पाहिली, कारण ५ व्होल्ट रेडिओच्या पल्ल्यात बसतात. आवाज हळू असताना थोड्या वेळाने ती आपोआप बंद होते, कारण करंट इतका कमी की तिला वाटतं काहीच जोडलेलं नाही. चालते तेव्हाही आतल्या कन्व्हर्टरचा गोंगाट आहेच. सोडून दिलं.

२ नोव्हेंबर

गेले काही दिवस एकच विचार. आपण १२ व्होल्टपासून सुरुवात केली कारण ती बॅटरी समोर होती. रेडिओचा पल्ला ४.४ ते ६.५. त्या पल्ल्यातच जगणारी मोठी बॅटरी मिळाली तर मध्ये कशाचीच गरज नाही. कन्व्हर्टर नाही, रेग्युलेटर नाही, गोंगाट नाही, बंद असतानाची गळती नाही.

६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड असते. भरलेली, विसावलेली ६.४ देते, चार ताज्या सेलइतकंच. उत्तम जुळणी आहे, पण वजन तेच आणि निम्मीच वापरायची अटही तीच.

लिथियमच्या फोनमध्ये असतात तशा सेलचे दोन एकत्र म्हणजे भरल्यावर ८.४ व्होल्ट. जास्त. एक म्हणजे ४.२ ते ३. कमी.

लिथियम आयर्न फॉस्फेट मात्र बरोबर मध्ये बसतो. एक सेल ३.२ व्होल्टचा, दोन मिळून ६.४. हा पदार्थ बॅटरीसाठी वापरता येतो हे जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून मांडलं. त्याच गुडइनफना पुढे २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. याचं व्होल्टेज भरलेल्यापासून जवळजवळ रिकामं होईपर्यंत एका पातळीत राहतं. मोटारींच्या कामात याचा सेल इतर लिथियम सेलपेक्षा कमी व्होल्टचा म्हणून कमी ऊर्जेचा ठरतो. माझ्या कामात तेच कमी व्होल्ट नेमके हवे आहेत.

३२७०० आकाराचे, ६ अँपिअर-तासांचे दोन सेल ठरवले. दोन्ही मिळून ३०० ग्रॅमच्या आत. ३८ वॉट-तास, आणि त्यांतले बहुतेक सगळे वापरता येतात.

९ नोव्हेंबर

सेल आले. टोकांना निकेलच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेले घेतले. सेलच्या अंगावर थेट सोल्डरचा डाग देऊ नये, आतला पडदा उष्णतेने बिघडतो.

सिरीजमध्ये जोडण्याआधी दोन्ही सेल समांतर जोडून ३.६ व्होल्टपर्यंत एकत्र चार्ज केले आणि रात्रभर तसेच ठेवले. आता दोघांची पातळी सारखी आहे. हे आत्ता केलं नाही तर एक सेल नेहमी आधी भरतो, दुसरा नेहमी आधी रिकामा होतो, आणि जोडीची क्षमता कमकुवत सेलइतकीच उरते.

१० नोव्हेंबर

दोन सेलची बीएमएस पट्टी, म्हणजे सेल जास्त भरू लागले किंवा फार उतरले की पुरवठा तोडणारं संरक्षण सर्किट, लावली, आयर्न फॉस्फेटसाठी असलेलीच. फोनच्या प्रकारच्या लिथियमची पट्टी ४.२ च्या वर तोडते, तोपर्यंत या सेलचं नुकसान झालेलं असतं. पट्टीचे स्विच निगेटिव्हच्या बाजूला आहेत. त्यामुळे रेडिओचा निगेटिव्ह बॅटरीच्या टोकाला न लावता पट्टीच्या पी-निगेटिव्ह या बाहेर जाणाऱ्या टोकाला लावायचा, नाहीतर संरक्षण बाजूलाच राहतं.

चार्ज केल्या-केल्या ही जोडी ७ व्होल्टच्या पुढे असू शकते. माझी मर्यादा ६.५. यासाठी पॉझिटिव्ह वायरीत साधा सिलिकॉन डायोड, १एन४००७. ६० मिलिअँपिअरला यावर ०.७ च्या थोडं वर पडतं. लिनिअर रेग्युलेटरच्या वेळी कमी पडझडीचा शॉट्की निवडला होता. इथे मुद्दाम जास्त पाडणारा निवडला, कारण ही पडझडच आपलं काम करते. सेल ६.५ ला असताना रेडिओला ५.८, संपत आल्यावर ५.३. सगळं पल्ल्याच्या आत. शिवाय उलट्या जोडणीपासून संरक्षण मिळतं ते वेगळंच. ऊर्जेतला नऊवा हिस्सा डायोडवर जातो, १२ व्होल्टच्या मानाने तो काहीच नाही.

डायोड बिघडून शॉर्ट झाला तर? रेडिओला जास्तीत जास्त सात-सव्वासात व्होल्ट जातील. एलएम३१७ शॉर्ट झाला असता तर १२.६ गेले असते, आणि त्यासाठी वेगळा झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारा डायोड) व फ्यूज बसवण्याचा आराखडा मी काढून ठेवला होता. आता तो लागत नाही. बॅटरीचं व्होल्टेज उपकरणाच्या जवळ असलं की बिघाडाचा घावही लहान होतो, हा फायदा सुरुवातीला माझ्या हिशोबात नव्हता.

फ्यूज तोच, ५०० मिलिअँपिअर, पॉझिटिव्ह टोकापाशी. ही जोडीही दहा-वीस अँपिअर सहज देते.

१५ नोव्हेंबर

एक दोन-बाजूंचा स्विच: एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला चार्जर, मध्ये बंद. चार्जर चालू असताना रेडिओ जोडलेलाच राहू शकत नाही. चार्जरचा गोंगाट आणि वाढलेलं व्होल्टेज, दोन्ही एकाच स्विचने दूर.

चार्ज करायला बदलता पुरवठा: ७.० व्होल्टला मर्यादा, करंट १ अँपिअरला. पूर्ण ७.३ पर्यंत नेलं तर थोडी जास्त क्षमता मिळते, पण ७.० ला सेल निवांत राहतात आणि रेडिओलाही बरं. याची एक बाजू अशी की पट्टीवरचं बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही सेलची पातळी सारखी करणं, त्याहून वरच्या व्होल्टला सुरू होतं, म्हणजे माझ्या वापरात ते कधीच होणार नाही. म्हणून अधूनमधून दोन्ही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजायचं. त्यासाठी मधल्या जोडापासून एक बारीक वायर डबीच्या बाहेर आणली, तिलाही छोटा फ्यूज आहे. हे मोजमाप चार्ज संपता-संपता घ्यावं. मधल्या सपाट भागात दोन्ही सेल सारखेच दिसतात, मग फरक असो वा नसो.

२२ नोव्हेंबर

क्षमता तपासली. १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावून ठेवला. सरासरी ०.६४ अँपिअर. रेझिस्टर हात लावू नये इतका तापतो, खाली फरशीचा तुकडा ठेवला होता. नऊ तासांनी पट्टीने पुरवठा तोडला. ५.७६ अँपिअर-तास. ७.० व्होल्टला थांबवलेल्या चार्जच्या मानाने अगदी छान.

रेडिओच्या ६० मिलिअँपिअरला ९६ तास. लेड-अ‍ॅसिडवर कन्व्हर्टर लावूनही ८५ होते, लिनिअरवर ५४, आणि वजन सात-आठ पट.

उतार पाहिला तो असा: पहिल्या काही मिनिटांत ६.७ वरून ६.५, मग तासन्‌तास ६.५ ते ६.३, आणि शेवटच्या अर्ध्या तासात कड्यावरून उतरल्यासारखा. म्हणून या बॅटरीला व्होल्टमीटर लावून किती उरलं ते कळत नाही. डबीच्या झाकणाला कागद लावला आहे, ऐकलेले तास त्यावर लिहितो. ८० झाले की चार्ज.

२३ नोव्हेंबर

रात्रभर मध्यम लहरी. ५८८, ७३५, ८८२ ही सगळी ठिकाणं मुद्दाम तपासली. काही नाही. ८८२ ला एक स्टेशन होतं, अतिशय क्षीण, मध्येच बुडणारं, आणि बुडत होतं तेव्हाही मागे फक्त आकाशाची खसखस. पहाटे डी थर परत जमू लागला तसं ते हळूहळू गेलं.

३० नोव्हेंबर

१२ व्होल्टची बॅटरी आणि कन्व्हर्टरचा बोर्ड एकत्र एका डब्यात घालून फोन चार्ज करायला लावले, आउटपुट ५.१ व्होल्ट. तिथे करंट अँपिअरमध्ये आहे, कार्यक्षमता चांगली येते, आणि फोनला मध्यम लहरी ऐकायच्या नसतात. ही बॅटरी १२.२ ला विसावलेली दिसली की परत चार्ज करायची, कधीही रिकामी ठेवायची नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, आणि ते मग चार्जरने निघत नाहीत.

रेडिओच्या डबीवर तीन गोष्टी रंगाने लिहिल्या: मधली पिन पॉझिटिव्ह, चार्ज ७.० व्होल्ट १ अँपिअर, गोठणबिंदूखाली चार्ज करू नये. शेवटचं यासाठी की तशा थंडीत लिथियम धातूरूपात प्लेटवर साचतो. डबी माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातात गेली तरी एवढं वाचून ती चालवता आली पाहिजे.

उरलेलं काम एक: प्लगपाशी वायर वाकते तिथे रबरी बाही चढवायची आहे.